दुसऱ्या जोडीपुरती सुतळी

पहाटे अर्धवट जाग येते तेव्हा मला अजून रूळ ओढल्याचा आवाज ऐकू येतो. ओल्या मातीवरून सावकाश जाणारा दगडी रूळ. घर्र, घर्र, मग थांबतो, वळतो, परत घर्र. मी डोळे न उघडता ऐकत पडून राहतो. खरं तर आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगीत त्या वेळेला कुणीतरी पाण्याचा पंप लावलेला असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. ठाऊक असलं म्हणून काय झालं? मी रूळच ऐकतो.

या दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. 'आपण टेनिसच्या क्लबात उभी हयात काढलीत, मोठमोठे खेळाडू जवळून पाहिलेत, तर यशामागची मनोवृत्ती या विषयावर लिहावं.' वाचून मी मोठ्यानं हसलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "अगं, मला मनोवृत्तीवर लिहायला सांगतायत. मी जन्मभर माती चोपलीय." ती म्हणाली, "मग मातीवर लिहा." इतक्या वर्षांत तिचं पहिल्यांदाच निमूट ऐकतोय. मातीवर लिहितो.

आम्ही ठाण्याच्या खाडीकाठचे आगरी. आजा मिठागरात, बापूस मिठागरात, आणि सातवी पास होईपर्यंत सुट्टीच्या दिवशी मीही मिठागरात. लोकांना वाटतं, खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात ठेवायचं, झालं मीठ. अहो, वाफ्याच्या तळात सगळी करामत असते! तळ पायांनी तुडवून, चोपून चोपून असा करायचा की पाणी खाली मुरता कामा नये आणि मीठ ओढताना चिखल वर येता कामा नये. बापूस डोळे मिटून वाफ्यात अनवाणी चालायचा आणि सांगायचा, इथं बोटभर खोल आहे, इथं बोटभर उंच. पाणी सोडलं की तस्संच निघायचं.

तो तळ बघूनच क्लबाचे सेक्रेटरी मला घेऊन गेले. स्वातंत्र्य नुकतं मिळालेलं, क्लबातले गोरे साहेब बोटीनं आपल्या घरी गेलेले, आणि मागं दोन कोर्टं राहिलेली, भेगाळलेली, गवत माजलेली. सेक्रेटरी पेशानं डॉक्टर. मिठागरात कुणाला ताप आला म्हणून आलेले, ते वाफ्यापाशी थबकले. बुटाची टाच तळावर आपटून बघितली.

"हे कुणी केलं?"

"मी आणि बापसानं."

"टेनिसचं कोर्ट करशील?"

टेनिसचं कोर्ट मी बापजन्मात बघितलं नव्हतं. "करीन की," म्हटलं. तरणा होतो, काहीही म्हणायचो.

कोर्ट कसं होतं ते थोडक्यात सांगतो. तळाला खडी, तिच्यावर मुरूम, त्यावर वारुळाची माती चाळून. मग पाणी आणि रूळ, पाणी आणि रूळ, असे पंधरा दिवस. वरून शेणकाल्याचा पातळ हात. वाळलं की दोन खुंट्यांमध्ये सुतळी ताणायची आणि तिच्या कडेनं चुन्याची रेघ मारायची. सुतळी सैल पडली की रेघ वाकडी, आणि रेघ वाकडी की मेंबरांची भांडणं. जाळ्याची उंची मोजायला टेप लागत नाही. मधोमध एक रॅकेट उभी धरायची, तिच्या टोकावर दुसरी आडवी ठेवायची, बरोब्बर येते. ही युक्ती मला एका गोऱ्याच्या जुन्या बटलरनं शिकवली.

एवढं सगळं करून क्लबाच्या रजिस्टरात माझं पद काय? तर माळी! क्लबात धड एक तुळशीचं रोप नव्हतं. मी किती वेळा म्हटलं, निदान कोर्टवाला तरी लिहा. छे! शेवटच्या दिवशी निरोपाचा हार घातला, तोसुद्धा 'आपले माळी' म्हणून.

आणि मेंबर तरी कसले एकेक नमुने. एक वकीलसाहेब चेंडू जमिनीला टेकायच्या आधीच "आऊट" म्हणून ओरडायचे. एकदा मी न राहवून म्हटलं, "साहेब, जरा पडू तरी द्या त्याला." महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. रेल्वेतले एक अधिकारी कल्याणहून यायचे. ते जिंकले की आभाळाकडे बघायचे आणि हरले की माझ्या कोर्टाकडे, जणू मीच मधे पाय घातला. हरलेला माणूस मातीकडे बघतो तो तिच्यावर खापर फोडायलाच, असं माझं मत झालेलं. खेळायच्या आधी मातीकडे बघणारी व्यक्ती मला जन्मात एकच भेटली. तिच्याकडे येतो, पण आधी लीलाताई.

लीलाताई म्हणजे डॉक्टरांची मुलगी. तेव्हा कॉलेजात होती. थंडीच्या दिवसांत सकाळी खाडीवरनं धुकं यायचं आणि कोर्टाचं पलीकडचं टोक नाहीसं व्हायचं. त्या धुक्यात चेंडूचा आवाज तेवढा यायचा. टप्, मग बराच वेळ काही नाही, मग टप्. हळूहळू धुकं विरळ झालं की आधी पांढरे बूट दिसायचे, मग पांढरा फ्रॉक, मग ती. जमिनीला पाय लागतायत की नाही असं धावायची. मी रूळ ओढता ओढता थांबायचो आणि किती वेळ उभा असायचो ते मला कळायचंच नाही. ते दिवस खरंच होते की मी झोपेत बघितले, असं अजून कधी कधी वाटतं. माझा त्या मुलीच्या खेळावर जीव होता. नीट वाचा, खेळावर.

तिचे बूट मात्र बघण्यासारखे असायचे. रोज रात्री पांढरं लावून ठेवायची, सकाळी बगळ्यासारखे. मातीचा डाग पडला तर खेळ थांबवून रुमालानं पुसायची. डॉक्टर हसायचे, "अगं, खेळायला आलीस का मिरवायला?" ती म्हणायची, "दोन्हीला."

थंडीत कोरडा वारा सुटला की कोर्टावर धूळ उठायची. चेंडू मऊ पडायचा, तिला खोकला यायचा. "हरीभाऊ, या धुळीचं काहीतरी करा ना हो," ती म्हणाली. झालं, मी कामाला लागलो. मिठागरात मिठाचा दाणा पडून गेल्यावर वाफ्यात एक कडवट, तेलासारखं दाट पाणी उरतं. बांधावर ते सांडलं की तिथली धूळ मरते आणि जमीन टणक होते, हे मी लहानपणापासून बघितलेलं. दोन डबे भरून आणले आणि भर उन्हात कोर्टावर हलक्या हातानं शिंपडले. काय सांगू! दुसऱ्या दिवशी कोर्ट तांब्याच्या परातीसारखं झालं. धूळ नावाला नाही, चेंडू टणाटण उडतोय. लीलाताईनं टाळ्या वाजवल्या. डॉक्टर पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या हरीचा हात बघा." मी कुणाला काही बोललो नाही. कारागिराची खोड, आपली युक्ती आपल्यापाशी.

बापसाला तेवढं सांगितलं. तो बिडी विझवून म्हणाला, "कडू पानी पाजतंस त आभालाकरं बघून पाज, हरी. मीठ वारा पितं."

म्हणजे काय, ते मिठागरातल्या माणसाला सांगावं लागत नाही. हवा दमट झाली की मीठ ओलं होतं. ज्या मातीत मीठ आहे ती आभाळ भरून आलं की आपोआप घामेजते. पाऊस नको, पाणी नको. मला हे सगळं माहीत होतं. पण पौषातल्या आभाळावर कोण संशय घेतो?

त्याच पौषात आमच्या क्लबात जिल्ह्याचे सामने झाले. मुलींच्या फायनलला एका बाजूला लीलाताई, दुसऱ्या बाजूला कल्याणची कुमुद. जी जिंकेल ती मुंबईला निवडीच्या सामन्यांना जाणार आणि तिथून पुढं देशभर. डॉक्टरांनी मुलीसाठी नवी बॅगसुद्धा आणून ठेवलेली. मी आदल्या दिवशी दुपारी मुद्दाम चार डबे कडू पाणी शिंपडलं, नेहमीच्या दुप्पट. लीलाताईला कडक कोर्ट आवडायचं. तिनं जिंकावं म्हणून मी ते केलं, अगदी मनापासून.

सामना दुपारी चारला. कुमुद सकाळी साडेसातलाच हजर! कल्याणच्या रेल्वे कॉलनीतली, गार्डाची मुलगी. ठेंगणी, उन्हानं रापलेली, खांद्यावर कापडी पिशवी. धुकं अजून होतंच. तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि अनवाणी कोर्टावर चालायला लागली. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग रेघेरेघेनं, संथ. मी बघतच राहिलो. बापसानंतर असं चालताना मी कुणाला बघितलं नव्हतं. खाडीकडच्या कोपऱ्यात ती उकिडवी बसली, बोट मातीला लावलं आणि तोंडाशी नेलं. मला वाटलं, नख चावतेय. मग उठून माझ्याकडे आली.

"माळीदादा, थोडी सुतळी मिळेल का?"

"किती हवी?"

"दोन जोड्यांपुरती."

"कसल्या जोड्या?"

"बुटांच्या," म्हणाली, आणि जरा हसली.

मला वाटलं, गरीबाची पोर, बुटांचे तळ सुटले असतील, बांधत असेल बिचारी. रेघा मारायच्या गुंडीतून मी लांबच लांब तुकडा काढून दिला. तिनं तो मधोमध तोडून दोन वेटोळी केली आणि पिशवीत टाकली.

अकराच्या सुमाराला खाडीवरनं ओला वारा सुटला. बाराला आभाळ करडं झालं. साडेतीनला मंडळी खुर्च्यांवर येऊन बसलेली, पाहुणे चहा पितायत, आणि मी जाळ्याची उंची मोजता मोजता खाडीकडच्या कोपऱ्याकडे बघितलं. कोपरा काळपट झालेला. जाऊन अंगठा दाबला तर चिकट लागला. कोर्ट घामेजायला लागलेलं.

हे मला नीट लिहायचंय, कारण इतकी वर्षं हेच लिहिता येत नव्हतं. मला कळलं. त्याच क्षणी कळलं. डॉक्टर दहा पावलांवर उभे होते. जाऊन म्हणायचं होतं, 'साहेब, तासभर थांबा, मी कोरडी माती टाकून रूळ फिरवतो.' ते विचारणार, का? मग कडू पाणी सांगावं लागणार, पाहुण्यांच्या देखत. आमच्या हरीचा हात! मी नरड्याशी आलेला शब्द गिळला. म्हटलं, तासाभराचा तर खेळ, काय होतंय. आणि बाजूला जाऊन हाताची घडी घालून उभा राहिलो.

कुमुद आत आली आणि खुर्च्यांमधून हसण्याची लाट उठली. तिनं दोन्ही बुटांना आडवीतिडवी सुतळी गुंडाळलेली, गवताचा भारा बांधावा तशी. कुणीतरी म्हणालं, "अहो, ही काय पार्सल होऊन आलीय कल्याणहून?" लीलाताई हसली नाही, तेवढी ती सभ्य होती, पण तिनं आपल्या पांढऱ्या बुटांकडे एकदा बघितलं ते मी बघितलं.

पहिला सेट लीलाताईनं घेतला. दुसरा कुमुदनं. तिसऱ्यात लीलाताई चार-दोन पुढं. इतकं सुंदर ती कधी खेळली नव्हती. मी म्हटलं, सुटलो, देवाक् काळजी. आणि कुमुदनं एक चेंडू लांब, खाडीकडच्या कोपऱ्यात टाकला. लीलाताई नेहमीसारखी धावली. पाय पुढच्या पुढं गेला आणि ती गुडघ्यावर आपटली. सगळे उभे राहिले. ती उठली, हातानंच 'काही नाही' म्हणाली, फ्रॉकला लागलेली माती झटकली. पुढचे चार गेम खेळली आणि चारही हरली. त्या कोपऱ्यात चेंडू गेला की नुसती बघत उभी राहायची. कुमुद मात्र तिच्या त्या पार्सलांवर घट्ट उभी.

घरी गेलो तर बापूस उंबऱ्यातच बसलेला. आभाळाकडे बघत म्हणाला, "सांगितलंस का डाक्टराना?"

"नाय."

तो उठून आत गेला. बोलला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी तो कोपरा कुदळीनं उकरला, माती फेकून दिली, नवी घातली. लोक म्हणाले, काय हौस आहे हरीला. मुंबईची नवी बॅग तशीच राहिली. लीलाताई कोर्टावर परत आली नाही. गुडघा दुखावला, असं डॉक्टर सांगायचे. मी विचारलं की, "आता बरा आहे," म्हणायचे आणि विषय बदलायचे. सकाळी धुकं यायचं, पण आत आवाज नसायचा. मी रूळ ओढायचो, आणि प्रत्येक फेरीला मला वाटायचं, तुझ्या मिठानं त्या मुलीचा पाय मोडला. नंतर कळलं की ती बी.टी. करून डोंबिवलीच्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागली.

कुमुद मुंबईला गेली, जिंकली, पुढं गेली ती गेलीच. वर्तमानपत्रात फोटो यायचे, हातात करंडक. क्लबात लोक सांगायचे, "आमच्याच कोर्टावर सुरुवात झाली हो तिची." पार्सल म्हणणारे गृहस्थ तर सगळ्यात आधी सांगायचे. जिद्द, चिकाटी, आत्मविश्वास, असे शब्द भाषणांत ऐकू यायचे. मी मागं उभा राहून ऐकायचो.

आठ-नऊ वर्षं गेली. कुमुदनं खेळ सोडला आणि आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. क्लबाच्या कपाटात एक प्रत आली. मी ती घरी नेली आणि दुपारी खाडीच्या बांधावर बसून वाचली. वाचता वाचता डोळ्यांपुढं पाणी, वाफे, धुकं सगळं एकमेकांत मिसळायला लागलं.

तिनं लिहिलेलं की समोर कोण आहे याची आपण फारशी चौकशी करत नसू, पायाखाली काय आहे ते आधी बघत असू. ठाण्याला आपण माती जिभेला लावली, ती खारट-कडू लागली, म्हणजे दमट हवेत ओली होऊन घसरणार. वडील गार्ड, त्यामुळे लहानपणी कल्याणच्या इंजिनशेडच्या आसपास वावर. तिथले कोळसा ओढणारे लोक ओल्या लोखंडावर पाय घसरू नये म्हणून पायताणाला सुतळी गुंडाळत, ते डोक्यात राहिलेलं. 'कोर्टावरच्या माळ्यानं सुतळी दिली. त्याचं नाव विचारायचं राहिलं.' बघा, पुस्तकात आलो तोही माळी म्हणून!

पुढचं पान मात्र मी तीनदा वाचलं. तिनं लिहिलेलं: 'सुतळी मी दोघींपुरती मागून घेतली होती. दुसरं वेटोळं लीलाला द्यायचं मनात होतं. साडेतीनला ती कपडे बदलायच्या खोलीत माझ्या शेजारी बसली होती, बुटांना पांढरं लावत. वेटोळं माझ्या पिशवीत होतं, हात पिशवीत होता. तो मी बाहेर काढला नाही. लोक मला विचारतात, जिंकायला काय लागतं. मी वेगवेगळी उत्तरं देते. हे उत्तर आजवर दिलं नव्हतं.'

मी पुस्तक मिटलं. माझा राग उफाळून आला, खोटं कशाला बोलू? म्हटलं, बाई, तू मोठी झालीस ती अशी होय! मग लक्षात आलं की त्याच साडेतीनला दहा पावलांवर मीही गप्पच होतो. तिनं निदान छापून टाकलं. पोराबाळांच्या हातात जाईल, लोक तोंडावर बोलतील, याचा विचार न करता. बुटाला सुतळी बांधून सगळ्यांसमोर आली होती, तशीच आताही आली. मला अजून डॉक्टरांच्या घराची पायरी चढवत नव्हती.

पुढच्या शनिवारी मी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि डोंबिवलीला गेलो. त्या वेळची डोंबिवली म्हणजे स्टेशन सोडलं की भातशेतं आणि मधून मधून कौलारू घरं. शाळा सुटलेली. लीलाताई पटांगणाच्या पायरीवर वह्या तपासत बसलेली. चष्मा लागलेला. चालणं मात्र सरळ, लंगडत वगैरे काही नव्हती.

"अगंबाई, हरीभाऊ! कोर्ट सोडून इकडे कुठं?"

मी पान उघडून पुस्तक तिच्यापुढं धरलं. तिनं शांतपणे वाचलं. मला वाटलं, रडेल. ती हसायला लागली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"वेडी आहे कुमुद," म्हणाली. "अहो, तिनं दिली असती ना, तरी मी बांधली नसती. क्लबातल्या सगळ्या लोकांसमोर, माझ्या बुटांना सुतळी? शी! मेले असते पण बांधली नसती. उगाच बिचारी इतकी वर्षं घेऊन बसली."

मी तिच्याबरोबर हसू शकलो नाही. म्हटलं, "ताई, ती माती खारट का होती, ते तिनं लिहिलं नाही. तिला माहीत नव्हतं. ते मी केलं." आणि सगळं सांगितलं. कडू पाणी, चार डबे, बापूस काय म्हणाला ते, साडेतीनचा चिकट अंगठा, डॉक्टर, गिळलेला शब्द. "तुमचा गुडघा मी मोडला," म्हटलं. "आज बोलतोय. काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

तिनं चष्मा काढला. पटांगणाकडे बघितलं. पटांगणात काही नव्हतं, नुसतं ऊन.

"गुडघा होळीपर्यंत बरा झाला होता, हरीभाऊ."

"मग?"

"मला वाटलं, मी भ्याले." ती अगदी हळू बोलत होती. "जिंकायची वेळ आली आणि माझे पाय लटपटले, म्हणून पडले, असं वाटलं. त्या कोपऱ्यात जायची मला भीतीच बसली. म्हटलं, ज्याला ऐनवेळी भीती वाटते त्यानं खेळू नये. म्हणून सोडलं. घसरले असेन, असं मनातसुद्धा आलं नाही. तुमचं कोर्ट कधी घसरतं का?"

मिठानं केलं ते होळीपर्यंत बरं झालं होतं. नऊ वर्षं जे दुखत राहिलं ते माझ्या गप्प बसण्यानं. एक वाक्य बोललो असतो, त्या संध्याकाळी नाही तर दुसऱ्या सकाळी, तर ती परत आली असती. माझ्या कोर्टावर तिचा इतका विश्वास होता की तिनं स्वतःवरचा काढून घेतला. मला तिथंच त्या पायरीवर रडू फुटलं, चांगला बाप्या माणूस, शाळेच्या पटांगणात.

तिनं मला शिपायाकडून पाणी आणून दिलं. मी पाणी पीत असताना म्हणाली, "तुम्हाला शिक्षाच हवी आहे ना? मग इथं एक कोर्ट करून द्या. माझ्या मुलींना."

चार शनिवार-रविवार गेले. मुरूम कल्याणहून बैलगाडीनं आला, माती जवळच्या शेतातल्या वारुळाची, पाणी शाळेच्या विहिरीचं. रूळ नव्हता, म्हणून बापसानं शिकवलेलं तसं पायांनी तुडवून, चोपून तळ बसवला. शेवटच्या शनिवारी खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, चुन्याच्या रेघा मारल्या. शाळा सुटल्यावर तीसेक मुली कडेनं उभ्या राहिल्या.

लीलाताई आली ती पदर खोचून. हातात जुनी रॅकेट, पायांत कॅनव्हासचे बूट. बुटांना पांढरं लावलेलं, अजून तसंच.

"सुतळी उरली का हो?"

"उरली की. पण ताई, ही माती गोड्या पाण्याची आहे. कोरडी ठणठणीत. पाय सरकायचाच नाही इथं."

"माहितेय मला. द्या."

ती पायरीवर बसली आणि माझ्या हातातली सुतळी घेऊन त्या पांढऱ्याशुभ्र बुटांना आडवीतिडवी गुंडाळायला लागली. एक, मग दुसरा. मुली आधी एकमेकींकडे बघायला लागल्या, मग एक फिसकन हसली, मग सगळ्याच.

"हसा," लीलाताई वर न बघता म्हणाली. "पोटभर हसून घ्या."

गाठ मारून ती उठली, कोर्टाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मी जन्मात रॅकेट धरली नव्हती. तिनं माझ्याकडे चेंडू फेकला.

"हातानंच टाका, हरीभाऊ. त्या कोपऱ्यात. लांब."

मी चेंडू टाकला, आणि ती धावली.